जुन्या ॲक्सेस सॉफ्टवेअरमधले फोटो आणि नमुना सह्या नव्या मशीनवर दिसत नसतील तर आधी फील्डच्या आत काय आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थेचं २००१ च्या सुमाराचं सॉफ्टवेअर, व्हीबी ६ मध्ये लिहिलेलं, मागे ॲक्सेसची एमडीबी फाइल, ज्याने लिहिलं तो आता फोन उचलत नाही आणि जुना एक्सपीवाला पीसी शेवटच्या घटका मोजतोय, म्हणून सगळं विंडोज ११ आणि ६४ बिट ऑफिसवर आणायचं ठरलं. आकडे सगळे बरोबर आले, ठेवी, कर्ज, व्याज, सगळं जुळलं. घोळ झालाय तो सभासदांच्या फोटोंचा आणि नमुना सह्यांचा: काही दिसतात, काहींच्या जागी नुसता आयकॉन येतो आणि खाली 'पॅकेज' लिहिलेलं असतं, काहींवर डबल क्लिक केलं की ओएलई सर्व्हरशी (ओएलई म्हणजे एका प्रोग्रामची वस्तू दुसऱ्याच्या आत ठेवायची विंडोजची पद्धत, आणि ती वस्तू उघडणारा प्रोग्राम म्हणजे तिचा सर्व्हर) बोलताना प्रॉब्लेम आला अशी एरर, काही कोरेच. टूलबारवरची चित्रं गायब, आणि पासबुकच्या पहिल्या पानावरचा लोगो पण गेला. संचालक म्हणतायत की सोडा ते, सगळ्या सभासदांना बोलावून परत स्कॅन करू.

ते परत स्कॅनचं आत्ता डोक्यातून काढून टाका. फोटो बहुतेक सगळे फाइलमध्येच असतात, फक्त ते दाखवणारा प्रोग्राम नव्या मशीनवर नसतो. आणि सहीचं तर असं आहे की २००१ साली घेतलेली सही हाच रेकॉर्ड आहे, आज परत घेतली तर ती आजची सही होईल, शिवाय निम्मे जुने सभासद आता गावात नसतील किंवा हयातही नसतील.

दुसरं, जुना पीसी फॉरमॅट करू नका, भंगारात देऊ नका, कुणी कितीही मागे लागलं तरी. एमडीबीची एक कॉपी काढून पेनड्राइव्हवर ठेवा, तिला रीड-ओन्ली करा आणि त्या कॉपीला हात लावायचा नाही, सगळे प्रयोग दुसऱ्या कॉपीवर. कॉपी काढताना सॉफ्टवेअर बंद असलं पाहिजे, एमडीबीच्या शेजारी त्याच नावाची एलडीबी फाइल दिसत असेल तर कुणीतरी अजून आत आहे (किंवा आधी कधीतरी मशीन बंद पडून ती तशीच राहिलीय). आणि त्याच फोल्डरमध्ये किंवा विंडोजच्या सिस्टिम फोल्डरमध्ये एमडीडब्ल्यू एक्स्टेन्शनची फाइल असेल तर ती पण उचला, जुन्या लोकांनी युझर-पासवर्ड त्यात ठेवलेले असतात आणि ती नसेल तर डेटाबेस उघडणार नाही किंवा उघडला तरी टेबलला परमिशन नाही म्हणेल.

आता मुख्य गोष्ट. लोक काय करतात की स्क्रीनवर फोटो दिसत नाही म्हणून फॉर्म दुरुस्त करत बसतात, कंट्रोल बदल, ओसीएक्स (फॉर्मवरच्या तयार कंट्रोलची फाइल) रजिस्टर कर, ऑफिस अनइन्स्टॉल करून परत टाक, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ॲक्सेसमध्ये 'ओएलई ऑब्जेक्ट' हा जो फील्ड टाइप आहे ना, त्यात चित्र असतंच असं नाही, त्यात काहीही असू शकतं, आणि कोणी कशाने भरलं त्यावर ते आतून पूर्ण वेगळं दिसतं. वीस वर्षांत तुमच्याकडे तीन-चार ऑपरेटर बदलले असतील, दोन स्कॅनर बदलले असतील, एखाद्या वेळी ऑफिसची आवृत्ती बदलली असेल, त्या प्रत्येक काळातले फोटो वेगळ्या जातीचे आहेत. म्हणून तुम्हाला 'काही दिसतात, काही नाही' असं वाटतंय. आधी जाती वेगळ्या करा, मग प्रत्येकीचं औषध वेगळं.

हे करायला प्रोग्रामिंग पण लागत नाही. टेबल डेटाशीट व्ह्यूमध्ये उघडा (फॉर्म नको, सरळ टेबल) आणि फोटोच्या कॉलममध्ये काय शब्द लिहिलाय ते वाचा. 'बिटमॅप इमेज' किंवा 'पेंटब्रश पिक्चर' असेल तर ते पेंटमधून चिकटवलंय. 'मायक्रोसॉफ्ट फोटो एडिटर ३.० फोटो' असेल तर कुणीतरी जेपेग फाइल इन्सर्ट केली होती आणि त्या वेळी मशीनवर फोटो एडिटर होता. 'पॅकेज' असेल तर फाइल इन्सर्ट केली पण तिचा प्रकार ओळखणारा प्रोग्राम मशीनवर नव्हता, म्हणून विंडोजने ती अख्खी फाइल गुंडाळून ठेवली. आणि 'लाँग बायनरी डेटा' असेल तर व्हीबी प्रोग्रामने ॲपेंडचंक किंवा ॲडोच्या स्ट्रीमने (डेटाबेसमध्ये लिहायच्या व्हीबीच्या पद्धती) कच्चे बाइट्स थेट ओतलेत, ही सगळ्यात सोपी जात. रिकामं असेल तर खरंच रिकामं आहे किंवा फोटो बाहेर कुठल्यातरी फोल्डरमध्ये आहे आणि इथे नुसता पाथ दुसऱ्या कॉलममध्ये असेल, त्याचं पुढे सांगतो. एक सावधगिरी, डेटाशीटमध्ये नुसतं वाचायचं, डबल क्लिक नाही. डबल क्लिक केलं की तो सर्व्हर प्रोग्राम उघडतो आणि बंद करताना ऑब्जेक्ट अपडेट करू का विचारतो आणि माणूस सवयीने हो म्हणतो.

पॅकेजवाली मंडळी कुठून आली ते कळलं की बरंच कोडं सुटतं. ऑफिस ९७ पासून ऑफिस एक्सपीपर्यंत मायक्रोसॉफ्ट फोटो एडिटर ऑफिसबरोबर यायचा आणि जेपेग चित्रांचा ओएलई सर्व्हर म्हणून तोच काम करायचा. ऑफिस २००३ मध्ये त्याच्या जागी पिक्चर मॅनेजर आला, तो दिसायला छान पण ओएलई सर्व्हर नव्हता. म्हणजे ज्या दिवशी तुमच्या शाखेत ऑफिस २००३ टाकलं त्या दिवसापासून इन्सर्ट केलेली जेपेग पॅकेज होत गेली आणि आधीची फोटो एडिटरवाली डबल क्लिकने उघडेनाशी झाली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची यात काही चूक नाही, बिचाऱ्याने त्या काळात पुस्तकात लिहिलं होतं तसंच केलं.

आता आत काय असतं ते एकदा डोळ्यांनी बघा, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. 'बिटमॅप इमेज' जातीच्या एका फोटोचं फील्ड बाइट बाय बाइट फाइलमध्ये लिहून काढा आणि कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधला प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवणारा प्रोग्राम) उघडा. सुरुवात १५ १सी अशी असते (हेक्स आहे, त्यामुळे ए ते एफ अक्षरं आकडेच समजा). ही ॲक्सेसच्या वेष्टनाची खूण. त्यानंतरचे दोन बाइट २एफ ००, म्हणजे ४७, ही त्या वेष्टनाची लांबी. ती कशी बनते बघा: २० बाइटचा ठरलेला भाग, मग 'बिटमॅप इमेज' हे नाव (आत ते इंग्रजी अक्षरांत असतं, मोजायचं तसंच) शेवटच्या शून्यासकट १३ बाइट, मग 'पेंट.पिक्चर' हा क्लास शून्यासकट १४, झाले ४७. त्यानंतर ओएलईचा स्वतःचा हेडर सुरू होतो, आवृत्ती ४ बाइट, प्रकार ४, पुढच्या नावाची लांबी ४, 'पीब्रश' हे नाव शून्यासकट ७, मग दोन रिकाम्या जागा ४-४ बाइटच्या, आणि शेवटी आतल्या डेटाची साइज ४. हे झाले ३१. सत्तेचाळीस अधिक एकतीस म्हणजे ७८, आणि बरोबर ७८ व्या ऑफसेटला (ऑफसेट म्हणजे शून्यापासून मोजलेली बाइटची जागा) ४२ ४डी दिसतं, म्हणजे इंग्रजीतली बी आणि एम ही दोन अक्षरं, तिथून खरी बीएमपी फाइल सुरू.

हा ७८ आकडा तुम्हाला इंटरनेटवर जिथे तिथे दिसेल, कारण मायक्रोसॉफ्टच्या नॉर्थविंड सॅम्पल डेटाबेसमधल्या कर्मचाऱ्यांचे फोटो याच जातीचे आहेत आणि 'पहिले ७८ बाइट सोडा' हा मंत्र सगळीकडे कॉपी झालाय. पण वर हिशोब पाहिलात ना, नावाची लांबी बदलली की आकडा बदलतो. पेंटब्रशच्या काळातलं रेकॉर्ड असेल, फोटो एडिटरचं असेल, पॅकेज असेल, तर ७८ चालणार नाही, आणि मग चित्र तिरकं, रंग उलटे किंवा काहीच नाही. त्यामुळे आकडा पाठ करू नका, लांब्या वाचत पुढे जा. किंवा त्याहून सोपं, आतली सही शोधा (सही म्हणजे इथे फाइल प्रकाराची, सभासदाची नव्हे).

सह्या अशा: जेपेग एफएफ डी८ एफएफ ने सुरू होते. पीएनजी ८९ ५० ४ई ४७. जिफ ४७ ४९ ४६ ३८. टिफ ४९ ४९ २ए ०० किंवा ४डी ४डी ०० २ए. बीएमपी ४२ ४डी, पण नुसते दोन बाइट शोधले तर कुठेही सापडतील, म्हणून पुढे पण बघा: बीएमपीमध्ये ऑफसेट २ पासूनचे चार बाइट फाइलची पूर्ण साइज सांगतात, ६ ते ९ हे चार बाइट शून्य असतात आणि १४ व्या जागी बहुतेक वेळा २८ ०० ०० ०० असतं. हे तिन्ही जुळलं तर ती बीएमपीच, आणि साइज तिथेच लिहिलेली असल्यामुळे तेवढे बाइट मोजून कापा. फील्डच्या शेवटापर्यंत कापत बसू नका, कारण मागे प्रिव्ह्यू (स्क्रीनवर दाखवायचं चित्र) चिकटलेला असतो.

जेपेगमध्ये एक फसवणूक आहे. जेपेग एफएफ डी९ वर संपते हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लोक सुरुवात सापडली की पहिल्या एफएफ डी९ वर कापतात. पण डिजिटल कॅमेऱ्याच्या फोटोत एक्झिफ माहितीच्या (कॅमेरा फाइलमध्ये लिहितो ती तारीख, सेटिंग वगैरे) आत एक छोटा थंबनेल असतो आणि तो स्वतः पूर्ण जेपेग असतो, त्याची स्वतःची एफएफ डी८ आणि एफएफ डी९. मग पहिल्या शेवटावर कापलं की हातात फाटकी फाइल येते, जी काही व्ह्यूअर थंबनेल म्हणून दाखवतात आणि बाकीचे एरर देतात. स्कॅनरच्या जुन्या फोटोंना हा त्रास सहसा नसतो, कॅमेऱ्याने काढलेल्या बॅचला नक्की होतो. साइज वेष्टनात लिहिलेली असेल तर ती वापरा, नसेल तर जेपेगचे मार्कर आणि त्यांच्या लांब्या वाचत जा, तेही जमत नसेल तर पहिल्या सुरुवातीपासून शेवटच्या एफएफ डी९ पर्यंत घ्या, थोडा कचरा मागे राहिला तरी चित्र उघडतं.

पॅकेज जात मला खरं तर आवडते. तिच्यात आतला डेटा तसाच्या तसा असतो, एकही बाइट न बदललेला, आणि त्याच्या आधी मूळ फाइलचं नाव आणि पूर्ण पाथ साध्या अक्षरांत लिहिलेला असतो, मग डेटाची साइज, मग डेटा. म्हणजे २००४ साली ऑपरेटरने स्कॅनरच्या फोल्डरमधून कुठली फाइल उचलली तेही कळतं. एका संस्थेत सभासद क्रमांक आणि फोटो यांची अदलाबदल झालीय असा संशय होता, तिथे पॅकेजमधल्या जुन्या फाइलनावातच सभासद क्रमांक होता म्हणून सगळं जुळवता आलं. ती नावं फेकू नका, वेगळ्या कॉलममध्ये साठवा.

फोटो एडिटरवाली जात सगळ्यात चिकट. तिच्या आत डी० सीएफ ११ ई० ए१ बी१ १ए ई१ अशी सुरुवात असलेली कंपाउंड फाइल असते, जुन्या वर्ड-एक्सेलच्या डॉक आणि एक्सएलएस फाइलींसारखीच रचना, आत छोटे छोटे स्ट्रीम, आणि ते सेक्टरमध्ये तुकड्या-तुकड्याने विखुरलेले असू शकतात. म्हणून इथे नुसती सही शोधून सरळ कापणं धोक्याचं, काही फोटो नीट निघतील आणि काही मधेच रंगीत पट्टे मारतील. इथे ती रचना समजणारी लायब्ररीच वापरा, पायथॉनमध्ये ओएलईफाइल आहे, ती स्ट्रीमची यादी देते, 'कंटेंट्स' नावाचा स्ट्रीम आधी बघा. जावा येत असेल तर जॅकसेस नावाची लायब्ररी आणखी बरी, तिला ॲक्सेस इन्स्टॉल लागतच नाही, एमडीबी ती स्वतः वाचते आणि ओएलई फील्डचं वेष्टन पण सोलून देते, पॅकेज, लिंक, कंपाउंड या जाती तिला ओळखता येतात. लिनक्सवाल्यांसाठी एमडीबीटूल्स आहेच.

आतलं खरं चित्र काही केल्या निघत नसेल तर शेवटचा उपाय तो मागचा प्रिव्ह्यू. ओएलई प्रत्येक ऑब्जेक्टबरोबर स्क्रीनवर दाखवायचं एक चित्र ठेवतं, बहुतेक वेळा डीआयबी किंवा मेटाफाइल. डीआयबी म्हणजे बीएमपीच, पण सुरुवातीचा १४ बाइटचा फाइल हेडर नसलेली, थेट २८ ०० ०० ०० पासून सुरू होणारी. पुढे तो हेडर आपण बनवून लावायचा: बी-एम, एकूण साइज, चार शून्य, आणि पिक्सेल कुठून सुरू होतात तो ऑफसेट, २४ बिट चित्राला ५४, आणि पूर्ण पॅलेट असलेल्या ८ बिट चित्राला १०७८ कारण मध्ये २५६ रंगांचं १०२४ बाइटचं पॅलेट असतं. ऑफसेट चुकवला तर फोटो एका बाजूला सरकलेला आणि रंग भुतासारखे येतात, बघून लगेच कळतं.

हाच १४ बाइटचा उपाय तुमच्या लोगोला पण लागू होतो. फॉर्म किंवा रिपोर्टवर चिकटवलेलं चित्र टेबलमध्ये नसतं, त्या फॉर्मच्या आत 'पिक्चरडेटा' म्हणून असतं आणि ॲक्सेस २००३ पर्यंत ते बहुतेक बिटमॅप करूनच ठेवलं जायचं. २००७ पासून ऑप्शनमध्ये मूळ फॉरमॅट ठेवायचा की बिटमॅप करायचं असा पर्याय आला. पण खरं सांगू का, एका लोगोसाठी एवढा खटाटोप करू नका, लेटरहेड छापणाऱ्या प्रेसवाल्याकडे चांगल्या रिझोल्यूशनचा लोगो पडलेला असतो, तो मागवा आणि नव्याने टाका.

टूलबारची चित्रं गेली त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, तो वेगळा आजार. ती इमेजलिस्ट कंट्रोलमध्ये असतात आणि इमेजलिस्ट एमएसकॉमसीटीएल नावाच्या ओसीएक्समध्ये असतो. ती फाइल नव्या मशीनवर रजिस्टर नसेल किंवा आवृत्ती जुळत नसेल तर चित्रं जातात किंवा फॉर्मच उघडत नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने या ओसीएक्ससाठी सिक्युरिटी अपडेट काढला होता, त्यानंतर अनेकांचे चालू प्रोग्राम असेच बंद पडले आणि परत रजिस्टर करावं लागलं. व्हीबी ६ चा प्रोग्राम ३२ बिटच असतो, त्यामुळे ६४ बिट विंडोजवर त्याचा ओसीएक्स सिसवाऊ६४ फोल्डरमध्ये लागतो आणि रजिस्टर पण तिथल्याच रेगएसव्हीआर३२ ने, ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवरून. नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे, ३२ बिटचं सगळं त्या ६४ लिहिलेल्या फोल्डरमध्ये. सोर्स कोड असेल तर एफआरएक्स फाइली शोधा, व्हीबीच्या फॉर्मवरची सगळी चित्रं त्यात असतात, एफआरएम एकटी कॉपी केली आणि एफआरएक्स राहिली की प्रोजेक्ट उघडताना चित्रं उडतात आणि तसंच सेव्ह केलं तर कायमची.

बिटचा विषय निघालाच आहे तर जेटचं पण सांगतो. जेट म्हणजे एमडीबी वाचणारं ॲक्सेसचं जुनं इंजिन, आणि जेट ४.० चा ओएलईडीबी प्रोव्हायडर (दुसऱ्या प्रोग्रामला त्या इंजिनशी जोडणारा भाग) फक्त ३२ बिट आहे. तुम्ही फोटो काढायची स्क्रिप्ट ६४ बिट पायथॉन किंवा ६४ बिट डॉटनेटमध्ये लिहिली तर 'प्रोव्हायडर रजिस्टर्ड नाही' असं येणार, कितीही इन्स्टॉल करा. एकतर स्क्रिप्ट ३२ बिटमध्ये चालवा नाहीतर एसीई या नंतरच्या इंजिनच्या प्रोव्हायडरची ६४ बिट आवृत्ती वापरा. आणि तुमची एमडीबी ॲक्सेस ९७ ची असेल (२००१ चं सॉफ्टवेअर म्हणजे तशी असायची शक्यता बरीच) तर ॲक्सेस २०१३ पासून पुढची कुठलीही आवृत्ती ती उघडणारच नाही. मधल्या पिढीतलं ॲक्सेस, म्हणजे २००३, २००७ किंवा २०१०, कुठूनतरी मिळवा, त्यात कॉपी कन्व्हर्ट करून २००२-२००३ फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, मग नव्यात न्या. जुना पीसी ठेवा म्हटलं त्याचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे त्याच्यावर फोटो एडिटर अजून असेल, आणि पाच-पन्नास हट्टी फोटोंसाठी कोड लिहीत बसण्यापेक्षा तिथे उघडून सेव्ह ॲज करणं कधीकधी परवडतं.

आता ज्या रेकॉर्डमध्ये फोटो नाही, नुसता पाथ आहे, ते. पाथ डी ड्राइव्हचा असेल आणि नव्या मशीनला डी ड्राइव्हच नसेल हा प्रकार तुम्ही बघितलाच असेल. पण एक कमी लोकांना माहीत असलेली भानगड आहे. जुना प्रोग्राम सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये इन्स्टॉल असतो आणि तिथेच 'फोटो' फोल्डरमध्ये लिहितो. व्हिस्टापासून विंडोज साध्या युझरला तिथे लिहू देत नाही, पण जुन्या ३२ बिट प्रोग्रामला एरर पण देत नाही, गुपचूप ती फाइल त्या युझरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये टाकतं. प्रोग्रामला वाटतं फाइल तिथेच आहे. मग कॅशिअरच्या लॉगिनवर नव्या सभासदाचा फोटो दिसतो, मॅनेजरच्या लॉगिनवर नाही, आणि दोघं एकमेकांना वेड्यात काढतात. मधल्या काळात विंडोज ७ वाला कुठला पीसी वापरात होता का विचारा, असेल तर त्याच्या प्रत्येक युझरच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये डोकवा. कधीकधी तिथे अख्खी दुसरी एमडीबीच सापडते, तेव्हा मात्र बसून विचार करावा लागतो कुठली खरी.

फाइलनावं मराठीत असतील तर आणखी एक गंमत. व्हीबी ६ चं डिर (फोल्डरमध्ये फाइल शोधणारं) फंक्शन युनिकोड जाणत नाही, देवनागरी नावाची फाइल त्याला नुसती प्रश्नचिन्हं म्हणून दिसते आणि मग 'फाइल नॉट फाउंड'. आणि शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये नाव टाइप केलेलं असेल तर ती फाइल इंग्रजी अक्षरांच्या खिचडीच्या नावाने पडलेली असते, प्रोग्राम ती उघडतो, पण तुम्ही डेटाबेसमधली नावं युनिकोडमध्ये कन्व्हर्ट केली की पाथ तुटतात. पाथचा कॉलम कन्व्हर्टरमधून कधीही काढू नका. नव्या व्यवस्थेत नाव फक्त सभासद क्रमांकावरून द्या, शाखा कोड, क्रमांक, आणि फोटो की सही, बस. माणसाचं नाव फाइलनावात नको, एकाच गावात एकाच नावाचे चार जण असतात.

काढलेले फोटो कुठे ठेवायचे यावर लोक भांडतात. माझं मत, एका शाखेची संस्था असेल तर सर्व्हरवरच्या एका शेअर्ड फोल्डरमध्ये फाइली आणि टेबलमध्ये पाथ, तोही ड्राइव्हच्या अक्षराने नाही तर सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा. ॲक्सेस २००७ पासून इमेज कंट्रोलला पाथचा कॉलम सरळ कंट्रोल सोर्स म्हणून देता येतो, एक ओळ कोड लागत नाही. अटॅचमेंट फील्डच्या नादी लागू नका, दिसायला सोयीचं आहे पण पुढे परत कुठे न्यायचं झालं की हेच दुखणं, शिवाय ॲक्सेसची २ जीबीची मर्यादा डोक्यावर आहेच. जुन्या ओएलई पद्धतीत शंभरेक केबीची जेपेग काही एमबी होऊन बसते कारण तो बिटमॅप प्रिव्ह्यू, म्हणून तुमची एमडीबी फुगलेली असणार. फाइल २ जीबीला टेकली की ॲक्सेस 'जागा संपली' असं सांगत नाही, 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' असं काहीतरी संबंध नसलेलं बडबडतं. फोटो काढून झाल्यावर कॉलम रिकामा केला तरी साइज कमी होत नाही, कॉम्पॅक्ट अँड रिपेअर करावं लागतं, आणि तेही कॉपीवर.

अनेक शाखा असतील तर एसक्यूएल सर्व्हरवर जा, फोटो व्हारबायनरी मॅक्स या प्रकारच्या कॉलममध्ये. पण मायक्रोसॉफ्टच्या मायग्रेशन असिस्टंटने सरळ टेबल उचललं तर ओएलई वेष्टनासकट बाइट्स तसेच जातात, आजार नव्या घरी. आधी सोला, मग चढवा. कुणी मायएसक्यूएल सुचवत असेल तर एवढं लक्षात ठेवा की तिथला साधा ब्लॉब (फोटोसारखा कच्चा डेटा ठेवायचा कॉलमचा प्रकार) फक्त ६५,५३५ बाइटचा असतो, आणि स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर मोठा फोटो तिथेच कापून ठेवतो, फक्त एक वॉर्निंग देतो जी कोणी वाचत नाही. वरचा अर्धा फोटो दिसतो आणि खाली राखाडी पट्टा, असं झालं तर दुसरं काही शोधू नका, मीडियमब्लॉब करा आणि परत चढवा.

आणि मधे कुठेतरी बाइट्स मजकूर समजून कन्व्हर्ट झाले असतील तर तेही पहिल्या बाइट्सवरून कळतं. जेपेगच्या सुरुवातीला एफएफ डी८ ऐवजी सी३ बीएफ सी३ ९८ दिसलं तर लॅटिनचं यूटीएफ-८ झालंय, ते बहुतेक वेळा उलटं फिरवता येतं. ईएफ बीएफ बीडी, ईएफ बीएफ बीडी असं दिसलं तर मूळ बाइट गेले, तिथे कुठलंही टूल काही करू शकत नाही, मूळ एमडीबीवर परत जा. मूळ कॉपी रीड-ओन्ली करून ठेवा म्हटलं ते यासाठी.

तपासणी मशीनवर सोडू नका. मोजणी तर कराच: किती रेकॉर्डमध्ये फील्ड रिकामं नव्हतं, किती फाइली निघाल्या, किती इमेज लायब्ररीने पूर्ण डिकोड झाल्या (नुसता हेडर वाचला जाणं पुरेसं नाही, अर्धवट फाइलचा हेडरही बरोबरच असतो). पण फोटो बरोबर माणसाचा आहे का हे मशीन सांगणार नाही. पानावर चाळीसेक फोटो खाली क्रमांक-नाव अशी पानं प्रिंट काढा आणि ज्या बाई वीस वर्षं काउंटरला आहेत त्यांच्यासमोर ठेवा. त्या चहा पिता पिता सांगतील की हे पाटील नाहीत, हे त्यांचे व्याही.

सह्यांच्या बाबतीत मी कडक आहे. निघालेली फाइल जशी निघाली तशीच ठेवायची, जागा वाचवायला जेपेग करायची नाही, काळी-पांढरी करायची नाही, कापून नीटनेटकी करायची नाही. बीएमपी मोठी वाटत असेल तर पीएनजी करा, त्यात पिक्सेल बदलत नाही. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो) काढून टेबलमध्ये ठेवा. उद्या एखाद्या ठेवीवर वाद झाला आणि ऑडिटरने विचारलं की ही सही सिस्टिम बदलताना बदलली नाही कशावरून, तर दाखवायला काहीतरी हातात पाहिजे. त्याच कारणाने मूळ एमडीबी पण जपून ठेवा, काम झालं म्हणून डिलीट नको.

आता तुम्ही एवढं करा. डेटाशीटमध्ये जेवढे वेगवेगळे शब्द दिसतात त्या प्रत्येक जातीचं एकेक रेकॉर्ड निवडा, फील्डचे पहिले शंभर बाइट हेक्समध्ये काढा आणि ते मला पाठवा, सोबत ती एमडीबी कुठल्या ॲक्सेसची आहे तेही. पूर्ण फोटो किंवा सही पाठवू नका, तो सभासदाचा डेटा आहे, आणि पॅकेज जातीत त्या शंभर बाइटमध्ये कुणाचं नाव असलेला पाथ दिसत असेल तर तेवढा भाग झाकून पाठवा.